मोहाखाली मोठ्यानं बोलावं

अस्वल मागच्या दोन पायांवर उभं राहिलं, तेव्हा पोरगी त्याच्या आणि माझ्या मधोमध होती. हातात मोहाची टोपली, पाठ माझ्याकडे. मॅडम झाडाच्या बुंध्याला टेकून बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर आवाज टिपायचं छोटं यंत्र होतं आणि त्याचा लाल दिवा चालू होता. अस्वल इतकं जवळ होतं की त्याच्या थोबाडाला चिकटलेली मोहाची फुलं मला दिसत होती. अस्वलापुढं पळू नये हे मला लहानपणापासून माहीत आहे, आणि पळायचं ठरवलं असतं तरी या वयात माझ्या गुडघ्यांनी ऐकलं नसतं. 

पण अस्वलाची भीती दुसऱ्या नंबरची होती. पहिली भीती पोरीची. ती मागे सरेना. दहावीतली पोरगी, समोर अस्वल, आणि ही उभी, जशी एसटीची वाट बघत उभी राहावी तशी. तिच्या आईनं मला होळीच्या आधी सांगितलं होतं की लेक म्हणते, मले जगून काय करायचं आहे. मला वाटलं, झालं. ही आता हलायची नाही.

जंगल गप्प होतं. मोहाच्या दिवसांत सकाळी आमचं जंगल कधीच गप्प नसतं. त्या दिवशी ते गप्प होतं ते आमच्यामुळे. कसं, ते सांगते.

मॅडम पुण्याच्या. पोंभुर्ण्याच्या पलीकडं, धानाच्या बांध्या संपून जंगल लागतं तिथं आमचं गाव. माझा मुलगा नोकरीला चंद्रपूरला असतो, त्याची खोली रिकामी, म्हणून सरपंचानं मॅडमना माझ्याकडं आणून सोडलं. त्या लहान पोरांच्या आणि वयात येणाऱ्या पोरापोरींच्या मनावर संशोधन करायला आल्या होत्या. मी विचारलं, मन मोजता कशानं? त्या म्हणाल्या, "मोजत नाही आजी. आमचं गुणात्मक संशोधन आहे. माणसाजवळ बसायचं, त्याचं ऐकायचं, त्याच्या शब्दांत लिहायचं."

"मंग आमी सारे गुनात्मकच आहो," मी म्हटलं. "दिवसभर दुसरं करतो काय?"

त्या हसल्या. हसणारी बाई होती, म्हणून माझं जमलं. मला काम दिलं ते असं, की पोरांच्या आयांना भरवसा वाटावा म्हणून मी जवळ बसायचं, आणि पोरं आमच्या इकडच्या झाडीबोलीत बोलली की मॅडमना पुस्तकी मराठीत सांगायचं. मी चौथी पास. चौथीनंतर शाळा दुसऱ्या गावात होती, आणि वाटेतल्या नाल्यावर पूल नव्हता. पण वाचायची सवय सुटली नाही, त्यामुळे मॅडमची भाषा मला कळायची. माझी त्यांना कळायला वेळ लागला. या लिखाणात मी कोणाचं नाव घेत नाही तेही त्यांचंच शिकवणं. ज्यानं सांगितलं त्याचं नाव कुठे जाऊ द्यायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम होता.

पहिली बैठक आश्रमशाळेत झाली. मॅडमनी पोरांना गोल बसवलं आणि गोड आवाजात विचारलं, "तुम्हाला कधी रडू येतं का?"

सगळी पोरं एकदम उभी राहिली. हाताची घडी. "नाही बाऽऽई!"

"कधी भीती वाटते?"

"नाही बाऽऽई!"

"मन उदास होतं?"

यावर जरा गोंधळ झाला. अर्धे हो म्हणाले, अर्धे नाही. मग एका हुशार पोरीनं डोळे वटारले, तसे सगळे नाही म्हणाले. बैठक संपल्यावर दोघं-तिघं पोट्टे मॅडमच्या मागं लागले. "मॅडम, आमचं उत्तर बरोबर आलं काय?" मॅडम त्या दिवशी जेवल्या नाहीत. मी म्हटलं, बाई, त्यांना साहेब लोक तपासायला येतात तेवढंच माहीत. तुम्ही विचारता, ते पास होऊ पाहतात.

"मग ते खरं कधी बोलतात?"

मला ठाऊक नव्हतं. दोघींनी मिळून पाहिलं. मॅडमचं डोकं चालायचं, त्यांनीच आधी हेरलं. पोरं मासे धरताना बोलायची, पोरी बोअरिंगच्या हातपंपावर हंडे घासताना. हाताला काम आणि नजर खाली असली की तोंड उघडायचं. मॅडम मग हंडे घासायला बसायच्या. एक हंडा त्यांनी असा घासला की मालकिणीला ओळखू येईना, दुसऱ्याचा समजून ती शोधत फिरली.

मार्चात मोह गळायला लागला.

मोह म्हणजे काय ते आमच्याकडच्या माणसाला सांगायची गरज नाही. बाहेरच्यांसाठी सांगते. फुलं झाडावरून तोडत नाहीत. ती रात्रभर गळतात, आपण उजाडताच जाऊन वेचायची. प्रत्येक घराचं झाड ठरलेलं. सासूकडून सुनेकडं येतं. त्यामुळे बाया जंगलभर विखुरलेल्या, एकेका झाडाखाली एकेक घर, वाकून वेचणारी. आणि मोह अस्वलालाही आवडतो. अस्वल दचकलं की अंगावर येतं. म्हणून आमची रीत अशी की हाक चालू ठेवायची. एका झाडाखालून हाक गेली की दुसरीनं द्यायची, मग तिसरीनं. अस्वलाला लांबूनच कळतं की इथं माणसं आहेत, ते आपल्या वाटेनं जातं.

नुसतं होऽऽ करून बाया थोड्याच थांबतात. हाकेत सगळं जातं. "तुह्या सुनेनं काल भाजी जाळली म्हन्ते व?" अशी एक हाक नाल्याजवळच्या झाडाखालून निघते, आणि टेकडीवरून सून स्वतःच उत्तर देते, "जाळली तं जाळली, ताट तं तुमीच चाटलं!" गावात कुजबुजत बोलतात ते मोहाखाली ओरडून बोलतात. मॅडम पहिल्या दिवशी आल्या आणि पोट धरून हसल्या.

आता पोरीचं.

माझ्या शेजारचं घर. पोरगी आश्रमशाळेत राहून शिकत होती, हुशार होती, गणितात पुढं. दिवाळीला घरी आली ती परत गेली नाही. झोपायची नाही, जेवायची नाही. विचारलं तर म्हणायची, काई नाई. बाप म्हणाला अभ्यासाचं ओझं आहे. आजी म्हणाली लागीर आहे. पुजाऱ्याकडं नेलं, त्यानं कोंबडं घेतलं आणि पुढच्या अमावस्येला या म्हणाला. एक दिवस तिची आई कापसावर फवारायचं औषध पिशवीत घालून माझ्याकडं आली. "बाई, हे तुमच्याइथी ठेवा. माह्या घरी नको." मी विचारलं नाही. कोठीत ठेवून कुलूप घातलं. मॅडमना मात्र सांगितलं.

मॅडम त्याच दिवशी पोरीकडं गेल्या. आधी आईची परवानगी घेतली, मग पोरीला विचारलं, तुला बोलायचं आहे का, नसेल तर नाही म्हण, मी रागावणार नाही. पोरीला ते नवलाचं वाटलं. तिला कोणी कशाला विचारत नसत, सांगत असत. ती हाव म्हणाली. आणि मॅडमनी सरळ विचारलं, "मरून जावं असं मनात येतं का?"

मी त्यांचा हात धरला. "काय विचारता पोट्टीले? नसन तं मनात भरवसान!"

"विचारल्यानं भरत नाही आजी," त्या म्हणाल्या. "असलं तर बाहेर येतं."

मला ते पटलं नव्हतं. पण पोरीनं मान वर केली. किती दिवसांनी ती कोणाच्या तोंडाकडं बघत होती. "हाव," ती म्हणाली. "कधी कधी येते. आज नाई."

मॅडम घाबरल्या नाहीत, रडल्या नाहीत, पोरीला मिठी मारली नाही. म्हणाल्या, बरं केलंस सांगितलंस. मग पोरीसमोरच आईला सांगितलं की हिला एकटं ठेवू नका, आणि जिल्ह्याच्या दवाखान्यात यासाठी वेगळे डॉक्टर बसतात, तिकडं नेऊ. तिथं अडलं. पोरगी म्हणाली, "मी पागल नाई, मी नाई येत." बाप म्हणाला, "तिथी नेलं तं उद्या पोट्टीले बायको करन कोन?" मी त्याला म्हटलं, "आधी जगू दे तिले, मंग करनारा पाहू." तो उठून बैल बांधायला गेला. बैल बांधलेलेच होते.

मॅडम रोज जात राहिल्या. पोरगी थोडंथोडं बोलायची आणि एका जागी आली की थांबायची. एक दिवस म्हणाली, "घरी सारे कान लावून बसते. आमच्या मोहाखाली सांगीन." ठरलं. मॅडमनी शेजारणींना एवढंच म्हटलं की उद्या आमच्या झाडाजवळ कोणी येऊ नका, यंत्रात बाकीचे आवाज येतात.

आमच्याकडं पाहुण्यानं पाणी मागितलं तर चहा देतात. पलीकडच्या झाडाची म्हातारी, माझ्याहून थोरली, ती सगळ्या पाड्यात फिरली. "पोट्टीच्या मनातलं उद्या बाहेर निंगून राह्यलं. कोनी हाक देऊ नका. खोकलाबी दाबून धरा." आणि बायांनी ऐकलं! ज्या बाया सरणावरही गप्प बसायच्या नाहीत, त्या सगळ्या त्या सकाळी तोंड मिटून वेचत होत्या. टेकडीपासून नाल्यापर्यंत एक शब्द नाही. मॅडमना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना वाटलं, वा, किती छान शांतता. मलाही कौतुक वाटलं, की गावानं पोरीसाठी एवढं केलं. अस्वलालाही शांतताच वाटली. माणसं नाहीत असं समजून ते निवांत आलं.

तर ते उभं राहिलं. पोरगी हलेना. मॅडमनी तोंडाला बोट लावलं, म्हणजे गप्प बसा. का लावलं ते त्यांनाही नंतर सांगता आलं नाही. मी डब्यावर दगड आपटावा म्हणून खाली वाकत होते.

तेवढ्यात पोरीनं टोपली अस्वलाच्या दिशेनं फेकली आणि ओरडली. असं ओरडली की माझे कान बसले. "निंग इथून, मुडद्या! तुह्या बापाचं झाड आहे काय? माह्या आजीनं लावलं हे! निंग!"

आजीनं लावलेलं नव्हतं. मोह कोणी लावत नाही, तो आपला येतो. पण अस्वलाला ते कुठं माहीत. आणि तिचा आवाज लांबवर पोचला तसं सगळं जंगल एकदम फुटलं. टेकडीवरून, नाल्यावरून, सगळ्या झाडांखालून बाया होऽऽ करत सुटल्या, डबे वाजले, सकाळपासून दाबलेला खोकला निघाला. अस्वल चार पायांवर आलं, फुसकन नाकातून वारा सोडला आणि झुडपांत घुसलं. पळताना ते मागून अगदी गादीसारखं दिसतं.

बाया धावत आल्या. मॅडम बुंध्याशी बसलेल्याच. थोरली म्हातारी आली ती आधी मॅडमवरच तडकली. "कायचं मशीन आनलं व माय? जीव जात होता आमचा, हाक दाबून दाबून!"

"मी हाका बंद करायला कुठं सांगितलं?" मॅडम म्हणाल्या.

"मंग कोनं सांगतलं?"

सगळ्या तिच्याकडं बघायला लागल्या. म्हातारीनं पदर तोंडावर घेतला आणि हसू आवरेना तिला. मग सगळ्याच हसल्या. कोणी तरी म्हणालं, यंत्रात शिवी आली असन, लावा. मॅडम म्हणाल्या, ते हिचं बोलणं आहे, ही हो म्हणेल तरच. पोरगी म्हणाली, "लावा." आधी बराच वेळ पानांची सळसळ, मग ते मुडद्या. बाया खाली बसून हसल्या. पोरगी हसली नाही. पण ओठ दाबून उभी होती.

घरी येताना मी तिला विचारलं, "मांगं काऊन नाई सरली व?"

चालता चालता ती म्हणाली, "पहिले वाटलं, होऊ दे जे होते ते. मंग मले बम राग आला."

मी मॅडमना सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं नाही, नुसत्या मान हलवत राहिल्या.

यानं पोरगी बरी झाली असं कोणाला वाटत असेल तर तसं नाही. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा भिंतीकडं तोंड करून पडली. अस्वल म्हणजे काही औषध नव्हे. पण मोह गळत होता आणि वेचायला माणूस हवं होतं, म्हणून आईनं तिला उठवून आणलं. मॅडम यंत्र घरी ठेवून आल्या. बायांनी तर सकाळी सकाळी बजावलं होतं की आता जी कोणी गप्प वेचेल तिचा मोह आम्ही घेऊ.

हाका चालू होत्या. कोणाच्या तरी जावयाची चेष्टा चालली होती. फिरत फिरत हाक आमच्या झाडावर आली. मी देणार तोच पोरीनं दिली. वाकूनच होती, हात फुलांवर.

"मैत्रीण माह्याजवळ झोपे! रात्री तिनं पानी मागतलं! मी आयकलं, पन उठली नाई! मले झोप येत होती!"

मॅडम उभ्या राहिल्या. हळूच म्हणाल्या, "सगळ्यांना ऐकू जातंय बाळ."

"जाऊ द्या," पोरगी म्हणाली. आणि पुन्हा ओरडली, "सकाळी तिले गाडीत नेलं! मंग ती वापस नाई आली!"

आश्रमशाळेच्या वसतिगृहातली एक पोरगी दिवाळीआधी वारली, हे आम्हाला माहीत होतं. तिला सिकलसेल हा रक्ताचा आजार होता, आमच्या भागात पुष्कळांना असतो. या दोघी एका गादीवर झोपायच्या, हे आम्हाला माहीत नव्हतं.

मग पलीकडून थोरल्या म्हातारीची हाक आली.

"पोट्टेऽऽ! माह्या बुढ्यानंबी पानी मागतलं होतं! मीबी आयकलं होतं! सारं आयुष्य पानीच देत आली म्हटलं, घे उठून! सकाळी पाह्यतो तं बुढा गेला! झोप लागते व मानसाले!"

नाल्याजवळून कोणी तरी ओरडलं, "तुमचा बुढा पानी मागे काय? मले तं वाटे दारूच मागे!"

"दारू मागतली असती तं उठली असती, मलेबी भेटली असती!"

सगळं जंगल हसलं. पोरगी खाली बसली, डोकं गुडघ्यांत घालून रडायला लागली, मोठ्यानं. तिची आई शेजारी माझ्या झाडाखाली वेचत होती, ती धावत आली. मी मॅडमकडं पाहिलं की आता काय करायचं. त्या म्हणाल्या, काही नाही, रडू द्या. मग आम्ही वेचत राहिलो, आणि हाका फिरत राहिल्या, आमच्या झाडाला वगळून.

दवाखान्यात ती आपणहून यायला तयार झाली असंही नाही. बायांनी नेलं. बापाला थोरली म्हातारी म्हणाली, "अस्वलाले हाकलनारी पोट्टी आहे तुही, तिले करनारा भेटन नाई तं नाई, तू काऊन मरून राह्यला?" तो पुन्हा बैल बांधायला गेला. मॅडम, पोरीची आई आणि मी, तिघी तिला घेऊन एसटीनं गेलो. तिथल्या बाई डॉक्टरनी तिच्याशी एकटीशी बोलून घेतलं. गोळ्या दिल्या, पुन्हा पुन्हा बोलावलं. गावातल्या नर्सबाईनं तिला सिकलसेल म्हणजे काय ते नीट सांगितलं, की तो त्रास उठला की पाण्याच्या एका गिलासानं थांबत नसतो. पोरीनं ते एकदा ऐकून मानलं नाही. किती तरी वेळा ऐकावं लागलं. पावसाळ्यात दोनदा ती पुन्हा भिंतीकडं वळली, आणि दोन्ही वेळा आईनं तिला एसटीत बसवलं. मॅडम तोवर पुण्याला गेल्या होत्या, पण फोन करायच्या. फोनवरही त्या हळू बोलायच्या, मी म्हणायचे, बाई, मोठ्यानं बोला.

त्यांचं पुस्तक झालं. मला एक प्रत आली. त्यात आमच्या गावाचं नाव नाही, कोणाचंच नाही, आणि मोहाखालची ती हाकही नाही. ती संशोधनाची नव्हती, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. अस्वलाची शिवी आहे, पोरीच्या परवानगीनं. तिच्याखाली पुस्तकी मराठीत अर्थ दिला आहे. तो वाचून थोरली म्हातारी म्हणाली, एवढ्यानं तं कुत्रंबी पळनार नाई.

पोरीनं एक वर्ष वाया घालवून दहावी दिली, मग बारावी. आता गडचिरोलीला नर्सिंग शिकते. गोळ्या बंद झाल्या आहेत, डॉक्टरनीच केल्या. तिची आई त्या उन्हाळ्यात लेकीहून जास्त वाळली होती, हे आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. दवाखान्यातल्या बाई डॉक्टरनी ते हेरलं आणि तिलाही लेकीसारख्याच गोळ्या सुरू केल्या होत्या.

दोघी जगल्या.